कोंबड्याचा मोडका पंख

शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या माफ कराव्यात. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, त्यालाही इलाज नाही. माझी शाळा चौथीला सुटली. त्यानंतर हाताला कागद दुमडायची सवय लागली, लिहायची राहूनच गेली. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. पण कधी कोणाच्या हाती लागलीच, तर छापखान्यातलं काही माहीत नसलेल्या माणसालाही कळावं म्हणून सगळं फोडून लिहिते.

आठ थप्प्या समोर होत्या आणि एकाही थप्पीवर आकडा नव्हता.

साल दुष्काळाचं, बाहत्तरचं. मी नगरमधल्या एका छापखान्यात बाइंडिंगला होते. बाइंडिंग म्हणजे छापलेल्या कागदांचं पुस्तक करणं. मोठा कागद छापून येतो, तो आम्ही दुमडतो. दुमडलेल्या कागदाला फर्मा म्हणतात. फर्म्यांच्या थप्प्या क्रमानं ओळीत मांडायच्या. मग बायका एकीमागून एक पुढे सरकत प्रत्येक थप्पीवरचा एक फर्मा उचलतात. शेवटच्या थप्पीपाशी पोचलं की हातात एक पुस्तक जमलेलं असतं. त्याला दाभणानं तीन भोकं पाडायची, दोऱ्यानं शिवायचं, पाठीला खळ लावून कव्हर चिकटवायचं आणि कटिंग मशीनवर कडा कापून घ्यायच्या. झालं पुस्तक.

क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर अगदी तळाला बारीक आकडा छापलेला असतो. वाचणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही. आमचं सगळं काम मात्र त्या आकड्यावर चालतं. अक्षर न येणारी बाईसुद्धा आकडे ओळखते आणि पाचशे पानांचं पुस्तक बिनचूक लावते.

या पुस्तकाला तो आकडा नव्हता. पानांनाही नंबर नव्हते. पुस्तक लहान मुलांसाठी चित्रांचं होतं. माणूस पहिल्यांदा फुग्यात बसून आकाशात कसा गेला, याची गोष्ट. ती रंगवली होती कुलथे मास्तरांनी. ते पुणतांब्याचे, शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले. रंगीत छपाईचं मशीन आमच्याकडे नव्हतं, म्हणून चित्रं पुण्याला छापून आली. तिथे मास्तरांनी आकडे पुसून टाकायला लावले. आकाशात तीन हा आकडा कशाला, असं म्हणाले होते म्हणे. त्यांच्या जागी तेही बरोबर होते. आकाश फार सुंदर काढलं होतं.

क्रम दाखवणारी एक प्रत मास्तरांनी हातानं तयार केली होती. त्याला डमी म्हणतात. ती पुण्यालाच राहिली होती. उद्यापर्यंत येईल, असा निरोप होता. मालक एका लग्नाला गेले होते. मागे दिवाणजी होते. हुद्दा मॅनेजरचा, पण सगळे त्यांना दिवाणजीच म्हणत. सोमवारी सकाळी कर्जतकडची जीप यायची होती. तिकडच्या एका गृहस्थांनी शाळांतून वाटायला सगळ्या प्रती घेतल्या होत्या. त्या दिवशी गुरुवार होता.

दिवाणजी म्हणाले, "यमुनाबाई, तुम्हाला वाचता येतं ना? मग चित्रं बघून लावा की. लेकरांचं पुस्तक ते, त्यात काय अवघड आहे?"

डमी येईपर्यंत थांबू या, एवढंच म्हणायचं होतं. पण दिवाणजींना उलटून मी कधी काही बोलले नव्हते. त्यांनाच काय, कोणालाच. सात वर्षांत मालकांच्या केबिनमध्ये मी फक्त शनिवारी पगाराची सही करायला जायची आणि सही झाली की पाठ फिरवायची. मी मान हलवली आणि थप्प्यांपुढे बसले.

सगळं पुस्तक वाचायला अर्धा तास लागला. एकेका पानावर एखादीच ओळ होती. गोष्ट परदेशातली, दोनशे वर्षांमागची. दोघे भाऊ असतात. त्यांच्या घरचा कागदाचा कारखाना असतो. धूर वर जातो तसं धुरानं भरलेलं काही वर जाईल का, असं त्यांच्या मनात येतं. मग ते कापडाची केवढी तरी मोठी पिशवी करतात आणि तिला आतून कागद चिकटवतात. ते वाचून मला बरं वाटलं. आकाशात पहिल्यांदा गेली ती माणसं आमच्या धंद्यातली निघाली. खळ कसली वापरली ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

माणसं जाण्याआधी ते जनावरं पाठवतात. एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा. टोपलीत घालून फुग्याला खाली बांधतात. राजा बघायला येतो. फुगा वर जातो, झाडांवरून जातो, पुढे एका रानात पडतो. जनावरं जिवंत सापडतात. मग दोन माणसं धीर करून बसतात आणि शहरावरून उडत जातात.

हे मी आता सरळ सांगते आहे. तेव्हा आठ थप्प्यांत ते इतकं सरळ दिसत नव्हतं. दोन फर्मे जवळजवळ सारखे होते. दोन्हींवर पिशवी जमिनीवर पसरलेली, भोवती माणसं, बाजूला जनावरं. एकावर जाळ पेटवलेला होता आणि जनावरं टोपलीत होती. दुसऱ्यावर जाळ नव्हता. मेंढी गवत खात होती आणि खाली ओळ होती, "गावोगावचे लोक धावत आले." मी विचार केला, आधी पिशवी पसरतात, लोक बघायला धावत येतात, मेंढी अजून मोकळी आहे, म्हणजे हा आधीचा. जाळाचा नंतरचा, जनावरं टोपलीतून परत आली आणि आता माणसांसाठी जाळ पेटवला, म्हणजे माणसं उडतात त्याच्या अलीकडचा. मी गवताचा फर्मा तिसरा लावला आणि जाळाचा सहावा.

मला ते पटलं होतं, हे खरं सांगायला हवं. मी निष्काळजीपणा केला नव्हता. विचार करूनच चूक केली होती.

आमच्या रांगेत त्या वर्षी गयाबाई नवीन होती. पाथर्डीच्या पुढच्या एका वाडीची. तिच्याकडची माणसं दर साल ऊस तोडायला जात. त्या साली ऊसच नव्हता. नवरा गावाबाहेर सडकेच्या कामावर खडी फोडत होता, आणि ते पैसे कधी पंधरा दिवसांनी मिळत, कधी महिन्यानं. सासू आणि दोन पोरी घरात. चूल चालायची ती गयाबाईच्या पगारावर. अक्षर एक येत नव्हतं. पण हात फार चपळ आणि तोंड त्याहून.

पहिली प्रत जमल्यावर ती एकेक पान उलटून बघत बसली. तिनं मला गोष्ट विचारली. मी थोडक्यात सांगितली. ती म्हणाली, "राजा का न्हाई बसला पयला?"

मी म्हटलं, राजा कसा बसेल, पडला तर?

"तेच म्हन्ते मी. मेंढराला पुढं घालायचं, आन् ते जितं ऱ्हायलं की मंग मानसानं जायाचं." बायका हसल्या. मीही हसले.

मग तिनं तिसऱ्या फर्म्यावर बोट ठेवलं. "यमुनाबाई, ह्ये चित्र मागं पायजे. कोंबड्याचा पंख मोडलाय बघा. अजून उडालंच न्हाई तर मोडला कुठं?"

मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. कोंबडा बोटाच्या पेराएवढा होता. आणि मला रांगेतल्या बायकांपुढे पुन्हा थप्प्या हलवायच्या नव्हत्या. मी जे बोलले ते अजून आठवतं.

"गयाबाई, खाली लिहिलंय ते तुला वाचता येतंय का? मग उचल फर्मे."

तिनं उचलले.

शुक्रवारी दुपारपर्यंत चारशे प्रती पूर्ण झाल्या. शिवून, चिकटवून, कापून भिंतीला रचून ठेवल्या. अजून आठशे बाकी होत्या. मालक परत आले होते. तेवढ्यात कुलथे मास्तर स्वतःच डमी घेऊन पुण्याहून आले. बारीक, उंच गृहस्थ, बोटांना रंग लागलेले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. वरची एक प्रत घेतली, वास घेतला आणि उघडली.

चार पानं उलटली आणि थांबले. पुढे गेले, पुन्हा मागे आले. चढ्या आवाजात बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते हळूच मालकांना म्हणाले, "हा कोंबडा उडायच्या आधीच जखमी कसा?"

माझ्या हातातलं दाभण तसंच राहिलं. मी गयाबाईकडे बघितलं नाही.

मालकांनी डमी आणि प्रत शेजारी शेजारी धरली. डमीत ते गवताचं चित्र सहाव्या फर्म्यात होतं, फुगा रानात पडल्यानंतरचं. मग दुसरी प्रत काढली, मग खालच्या गठ्ठ्यातली. सगळ्या तशाच. त्यांनी दिवाणजींना विचारलं, थप्प्या कोणी लावल्या. दिवाणजींनी रांगेकडे नजर टाकली. डमी नसताना काम सुरू करायला त्यांनीच सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात असणारच. ते म्हणाले, ती पाथर्डीची नवीन बाई आहे, अक्षर येत नाही, तिनं उचलताना दोन थप्प्या इकडच्या तिकडे केल्या असतील.

मालक म्हणाले, "मग उद्या तिचा पगार द्या आणि सोमवारपासून बोलवू नका."

एवढंच. ते मास्तरांना घेऊन केबिनमध्ये गेले. दिवाणजी मागोमाग गेले.

थप्प्या मी लावल्या हे रांगेतल्या पाचही जणींना माहीत होतं. गयाबाई उठली, कोपऱ्यातलं भाकरीचं फडकं झटकून घडी घालू लागली. मी तिच्याजवळ गेले. तीच म्हणाली, "जाऊ द्या बाई. दोघींला घालवन्यापरीस एकीला घालवल्यालं बरं. तुमी तरी ऱ्हावा."

तिनं मला शिवी दिली असती तर मी कदाचित गप्प बसले असते. ते मेंढराचं बोलणं मला आठवलं.

केबिनचं दार बारा पावलांवर होतं. मी ते ढकललं आणि आत जाऊन उभी राहिले. मालक म्हणाले, "काय गं, आज शनिवार नाही."

मी म्हटलं, "थप्प्या मी लावल्या."

दिवाणजी काही तरी बोलू लागले. मालकांनी हात वर केला.

"गयाबाईनं मला काल सांगितलं होतं. कोंबड्याचा पंख मोडलाय, हे चित्र मागं पाहिजे म्हणाली. मी तिला म्हटलं, तुला वाचता येत नाही."

मी हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलले. एका दमात बोलले, कारण दम घेतला असता तर बाहेर आले असते.

मालकांनी विचारलं, मघाशी का बोलली नाहीस?

पण मास्तर दुसरंच विचारत होते. "तिनं पंख पाहिला? तो एवढासा?"

मी मान हलवली.

"तो पंख मी तीनदा पुसून काढला. मुलांना दिसेल की नाही, याचीच मला काळजी होती." ते उठून उभे राहिले. "बोलवा त्यांना."

गयाबाई पदर सावरत आली. तिला वाटलं, पगार आजच देतात. मास्तरांनी पान पुढे केलं आणि विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"कळायचं काय त्यात? मोडल्यावर पंख असाच लोंबतोय. मेंढीनं लाथ मारली आसंल, टोपलीत दाटी हुती." मग म्हणाली, "पर तुमी तंगडी लई लांब काढली हाय. कोंबड्याची नसती एवढी."

मास्तर हसले. मालकांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. ते म्हणाले की गयाबाईनं सोमवारनंतरही यायचं. पण नुकसान ते नुकसान. खराब कव्हरांची छपाई यमुनाच्या पगारातून कापली जाईल. मी हो म्हटलं. त्यात अन्याय काही नव्हता. दिवाणजींच्या पगारातून काही कापलं नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, नंतर वाटलं.

आता प्रश्न होता चारशे प्रतींचा. दोरा कापायचा, दोन फर्मे अदलाबदल करायचे, त्याच भोकांतून पुन्हा शिवायचं. हे सोपं. अडचण कव्हरची. ते पाठीला खळीनं घट्ट बसलेलं असतं, ओढलं की फाटतं. पाणी लावून सोडवावं तर आतला कागद आर्ट पेपर. आर्ट पेपर म्हणजे चित्रांसाठीचा गुळगुळीत कागद. त्याला ओल लागली की पानं एकमेकांना चिकटतात आणि सगळं पुस्तकच जातं. पहिली वीस-पंचवीस कव्हरं फाटली. मग विस्तवावर ठेवलेलं खळीचं पातेलं बघून गयाबाई म्हणाली, शेक देऊन बघू का?

"आमच्यात कंबर धरली की शेक देत्यात. ह्याचीबी पाठच हाय की."

तिनं फडकं गरम पाण्यात बुडवून करकचून पिळलं. चार घड्या घातल्या आणि फक्त पुस्तकाच्या पाठीवर दाबून धरलं. मनात पन्नासपर्यंत मोजलं. कव्हर एका कडेनं सुटलं, मग दुसऱ्या. आतली पानं कोरडी होती. दोघी फडकी गरम करत होत्या, दोघी सोडवत होत्या, मी आणि आणखी एक शिवत होतो. शनिवारी आणि रविवारी रात्री उशिरापर्यंत तेच चाललं, आणि बाकीच्या आठशे प्रतीही त्यातच उरकल्या. पुन्हा लावताना मास्तरांची डमी दोऱ्यानं खिडकीला टांगली होती.

शेकूनही काही कव्हरं फाटली, काहींचा रंग उडाला. पण अडीचशेच्या वर वाचली. नाहीतर चारशेच्या चारशे माझ्या अंगावर पडली असती. कव्हर एकाच रंगाचं होतं, म्हणून उरलेल्यांसाठी नवीन कव्हरं रविवारी आमच्याकडेच छापली. सोमवारी सकाळी जीप आली आणि बाराशे प्रती कर्जतकडे गेल्या. मास्तर जीपजवळ उभे राहून गठ्ठे मोजत होते. जाताना त्यांनी गयाबाईला एक प्रत दिली. तिनं विचारलं, हिच्यात तंगडी तेवढीच हाय का? ते म्हणाले, पुढच्या वेळी कमी करतो.

नंतर त्यांनी आणखी एक पुस्तक आमच्याकडे आणलं. त्यात तळाला आकडे होते. आकाशातही होते, फक्त आकाशाच्याच रंगात, थोडे गडद. आम्हाला दिसत, मुलांना दिसत नसावेत.

छापखान्यात तेव्हापासून एक पद्धत पडली. चित्रांचं पुस्तक आलं की पहिली जमलेली प्रत गयाबाईच्या हातात द्यायची. ती पानं उलटायची, आम्ही गप्प उभ्या राहायचो. तिनं मान हलवली की रांग सुरू. पाऊस झाल्यावर ती गावी परत गेली. जाताना पुस्तक पोरींच्या कपड्यांत गुंडाळून नेलं. पद्धत मात्र राहिली. प्रत मग दुसऱ्या एखाद्या न वाचणाऱ्या बाईकडे जायची. वाचता येणारा माणूस अक्षराकडे बघतो आणि चित्र बघितलं असं समजतो. मीही तेच केलं होतं.

शिकण्यासारखं एवढंच, की फर्म्यावर आकडा नसेल तर विचारावं. विचारायची लाज वाटत असेल तर बेचाळीस शनिवार हाताशी ठेवावेत. कारण कव्हरांचे बेचाळीस रुपये झाले आणि मालकांनी आठवड्याला एक रुपया कापायचं ठरवलं. मी घरात भिंतीवर कोळशानं रेघा ओढत गेले.

बेचाळीस रेघा झाल्या. पुढच्या शनिवारी दिवाणजींनी पगार हातावर ठेवला. मी मोजला. सवयीनं त्यांनी एक रुपया कापला होता. मी सही केली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"दिवाणजी, मागच्या शनिवारी बेचाळीस झाले."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. वही मागे उलटली, बोटानं एकेक शनिवार मोजत खाली आले. मोजून झाल्यावर पुन्हा एकदा मोजले. मग गल्ल्यातून एक रुपया काढून माझ्यापुढे सरकवला आणि माझ्या नावावर आडवी रेघ मारली.